माती हातात घेऊन कशी ओळखावी: नवख्यांसाठी मार्गदर्शक

मातीविषयी पहिला प्रश्न बहुतेकदा "काय घालू?" असा असतो. त्याच्या आधी विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच आहे: या मातीत बदलता येण्यासारखं काय आहे आणि काय नाही? वाळू, पोयटा (वाळूहून बारीक, चिकणमातीहून जाड कण) आणि चिकणमाती यांचं प्रमाण म्हणजे मातीचा पोत. तो आपल्या हयातीत बदलत नाही. हे कण एकमेकांना कसे बांधले गेले आहेत, म्हणजे मातीची घडण, ती मात्र ओल्या जमिनीत एकदा अवजार फिरवलं तरी बिघडते आणि काही वर्षं नीट सांभाळली तर सुधारते. सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप) आणि क्षार या दोहोंच्या मध्ये येतात: काही जमिनींत हलवता येतात, काहींत प्रयत्न करणंच व्यर्थ. हा फरक डोक्यात ठेवून चाचण्या केल्या की पैसा आणि श्रम चुकीच्या जागी जात नाहीत.

चाचण्यांसाठी लागणारं सामान थोडं आहे: फावडं, बोथट सुरी, सरळ उभ्या बाजूंची काचेची बरणी, मोजपट्टी, २ मिमी छिद्रांची चाळणी, डिस्टिल्ड वॉटर, १५ सेंमी व्यासाच्या पाइपचा तुकडा आणि सामू मोजायच्या पट्ट्या किंवा मीटर.

पायरी १: खड्डा घ्या आणि बघा

५० ते ६० सेंमी खोल खड्डा घ्या आणि त्याची एक बाजू सरळ उभी ठेवा. फावड्याने कापलेली भिंत गुळगुळीत दिसते, त्यावरून काही कळत नाही. सुरीच्या टोकाने वरून खाली माती हलकेच उकरत या, म्हणजे ती तिच्या नैसर्गिक फटींमधून सुटेल आणि ढेकळांचा खरा आकार दिसेल.

वरचा गडद थर किती सेंमीचा आहे ते मोजून लिहून ठेवा. मग दर ५ सेंमीवर सुरी टोचत खाली जा. एखाद्या खोलीवर सुरी अडते आणि त्याखाली पुन्हा सहज जाते, तर तिथे दाबाने तयार झालेला कठीण थर आहे. त्याची खूण मुळांवरही दिसते: सरळ खाली येणारी मुळं त्या थरावर काटकोनात वळून आडवी पसरलेली असतात. ही तपासणी जमीन ओलसर असतानाच करायची. वाळलेली चिकणमाती सगळीकडेच कठीण लागते आणि नसलेला थर सापडतो.

रंगही बोलतो. लाल आणि पिवळसर छटा लोहाच्या ऑक्साइडमुळे येते. ती एकसारखी असेल तर तिथे हवा खेळते, निचरा होतो. राखाडी किंवा निळसर माती आणि तिच्यात गंजासारखे ठिपके दिसले, तर वर्षाचा काही काळ तिथे पाणी साचून राहतं. पाण्याने हवा कोंडली की जिवाणू लोहाचं रूप बदलतात, ते विरघळून हलतं आणि रंग फिका पडतो. ठिपके ज्या खोलीवर सुरू होतात, तिथपर्यंत पाणी चढतं असं समजा. काळ्या रंगाबद्दल मात्र सावध राहा. काळी माती म्हणजे भरपूर सेंद्रिय पदार्थ, हे समीकरण नेहमी बरोबर नसतं. फुगणाऱ्या-आकसणाऱ्या भारी काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्ब अनेकदा १ टक्क्याहूनही कमी असतो. तिथे थोडासाच ह्यूमस (पूर्ण कुजून उरलेला गडद सेंद्रिय पदार्थ) चिकणमातीच्या कणांना इतका घट्ट चिकटलेला असतो की सगळी माती गडद दिसते.

पायरी २: पोत ठरवा

कणांच्या आकाराची विभागणी अशी आहे: ०.०५ ते २ मिमी म्हणजे वाळू, ०.००२ ते ०.०५ मिमी म्हणजे पोयटा, आणि ०.००२ मिमीपेक्षा बारीक ती चिकणमाती. काही देशांत वाळू आणि पोयटा यांच्यातली सीमा ०.०२ मिमी धरतात, त्यामुळे दोन अहवालांची तुलना करताना पद्धत कोणती ते बघावं.

सर्वात आधी हाताची चाचणी. मूठभर मातीतले खडे आणि मुळं काढा, थेंबथेंब पाणी घाला आणि दोन मिनिटं मळा. मळण्यात घाई करू नका. चिकणमातीच्या न फुटलेल्या बारीक गोळ्या बोटांना वाळूसारख्याच लागतात, आणि नवख्यांची सर्वात जास्त चूक इथेच होते. माती पाणी पुरेसं प्याली की गोळा करा. गोळाच होत नसेल तर ती वाळू. गोळा झाला तर अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दाबत त्याची पट्टी काढा आणि ती स्वतःच्या वजनाने तुटेपर्यंत लोंबू द्या. पट्टी २.५ सेंमीच्या आत तुटली तर माती हलकी ते मध्यम, २.५ ते ५ सेंमी गेली तर मध्यम-भारी, ५ सेंमीच्या पुढे गेली तर भारी चिकण. शेवटी चिमूटभर माती तळहातावर भरपूर पाण्यात चोळा. खरखर लागली तर वाळू जास्त, मैद्यासारखी मऊ लागली तर पोयटा जास्त.

आकडे हवे असतील तर बरणी घ्या. चाळलेली माती बरणीच्या एक तृतीयांश भरा, वर थोडी जागा सोडून पाणी घाला आणि एक चमचा कमी फेसाची भांडी धुण्याची पावडर टाका. झाकण लावून १० मिनिटं जोरात हलवा आणि सपाट जागी ठेवा. १ मिनिटाने तळाशी बसलेल्या थराच्या वरच्या कडेला पहिली खूण करा, ती वाळू. दुसरी खूण पोयट्याची. तिची वेळ अनेक ठिकाणी २ तास दिलेली असते, पण ती ढोबळ आहे. कणाचा बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतो, म्हणून ०.०५ मिमीचा कण १० सेंमी पाण्यातून मिनिटभरात खाली येतो आणि ०.००२ मिमीच्या कणाला तेवढ्याच अंतराला साधारण ८ तास लागतात. मातीवर १० सेंमीच्या आसपास पाणी असेल तर दुसरी खूण ८ तासांनी करा. तिसरी खूण पाणी निवळल्यावर. त्याला एक दिवस लागेल, कधी कधी तीन-चार.

समजा एकूण थर ६० मिमी भरला: वाळू २४, पोयटा २१, चिकणमाती १५. म्हणजे ४०, ३५ आणि २५ टक्के. ही मध्यम पोताची, बहुतेक झाडांना मानवणारी माती झाली. चिकणमातीचा थर सैल बसतो, त्यामुळे तिचा आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्त येतो हे लक्षात असू द्या. पावडर विसरलात तर चिकणमातीचे गोळे वाळूबरोबर तळाला जातात आणि भारी माती हलकी असल्याचा भास होतो. खारवट किंवा चुनखडीच्या मातीत पाणी तासाभरातच निवळतं, कारण क्षार बारीक कणांना एकत्र आणून खाली बसवतात. तिथे बरणीपेक्षा हाताच्या पट्टीवर विश्वास ठेवा.

पोत कळल्यावर भारी मातीत वाळू मिसळायचा मोह होतो. तो टाळा. थोडी वाळू घातली की चिकणमाती तिच्या कणांमधल्या सगळ्या जागा भरून टाकते आणि वाळल्यावर माती पूर्वीपेक्षा घट्ट होते. फरक पडायला निम्म्याहून अधिक वाळू लागते, आणि तेवढी घातली तर ती आपली माती राहतच नाही. भारी मातीवर उपाय पोतात नसून घडणीत आहे.

पायरी ३: घडण तपासा

इथे सर्वात जास्त वेळ द्या, कारण आपल्या हातात असलेली गोष्ट ही आहे.

सावलीत पूर्ण वाळलेली, साधारण १ सेंमीची चार-पाच ढेकळं घ्या. उथळ बशीत डिस्टिल्ड वॉटर किंवा पावसाचं पाणी घेऊन ती अलगद सोडा. ढवळू नका, बशी हलवू नका. १० मिनिटांनी, २ तासांनी आणि दुसऱ्या दिवशी बघा.

ढेकूळ तसंच राहिलं तर घडण उत्तम आहे. ढेकूळ फुटून बारीक तुकड्यांचा ढीग झाला पण भोवतीचं पाणी स्वच्छ राहिलं, तर त्याचं कारण असं की पाणी झपाट्याने आत शिरलं, आत अडकलेली हवा दाबली गेली आणि तो दाब सोसण्याइतकी बांधणी मातीत नव्हती. असल्या जमिनीवर पहिल्या जोरदार पावसानंतर पापडी धरते. आणि ढेकळाभोवती दुधाळ ढग पसरला, तर चिकणमातीचे कणच एकमेकांपासून सुटत आहेत. हे बहुतेकदा सोडियमचं काम असतं, जमीन चोपण असल्याची खूण.

दुसऱ्या आणि तिसऱ्या निकालावरचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत, आणि गल्लत इथेच होते. नुसतं फुटणाऱ्या मातीला बांधणारे पदार्थ हवेत: बुरशीचे तंतू, मुळांचे आणि जिवाणूंचे चिकट स्राव, ह्यूमस. ते जिवंत मुळं, आच्छादन आणि कमी मशागत यांतून येतात. तिथे जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) घालून विशेष काही हाती लागत नाही. दुधाळ ढगाच्या मातीला मात्र कॅल्शियम हवं. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला कणांवरून हुसकावतं, पण सुटलेलं सोडियम पाण्याबरोबर मुळांच्या खाली वाहून जायला हवं. निचरा नसेल तर ते तिथेच राहतं आणि जिप्सम वाया जातं. म्हणून आधी निचऱ्याची वाट काढा. जिप्समची मात्रा प्रयोगशाळेतल्या सोडियमच्या आकड्यावरूनच ठरवा. विनिमयक्षम सोडियम, म्हणजे कणांवर धरलेल्या एकूण धन आयनांतला सोडियमचा वाटा, १५ टक्क्यांच्या वर असेल तर जमीन चोपण धरतात. चाचणीला नळाचं किंवा विहिरीचं पाणी वापरू नका: त्यातले क्षार ढग दाबून टाकतात आणि चोपण जमीन निरोगी दिसते.

घडण बिघडते कशाने? उघड्या मातीवर आदळणाऱ्या थेंबांनी, वारंवार उकरण्याने, आणि सर्वात जास्त ओल्या मातीवर पडलेल्या वजनाने. वाफसा आला का, म्हणजे ओल काम करण्याजोगी झाली का, हे ठरवायची साधी रीत आहे. ज्या खोलीपर्यंत काम करायचं तिथली माती घ्या, वरवरची नको, आणि तळहातांमध्ये वळून वात करा. ३ मिमी जाडीची वात न तुटता होत असेल तर माती अजून काम करण्याजोगी नाही. वळता वळता तिचे तुकडे पडू लागले की जमिनीत उतरायला हरकत नाही. वरचा थर वाळलेला आणि १५ सेंमीवर चिखल, अशी स्थिती फार फसवी असते. कठीण थर बहुधा अशाच दिवशी तयार होतात. वाळूसर जमीन याबाबतीत बरीच सोशिक आहे.

मातीचे खनिज कण प्रति घन सेंमी २.६५ ग्रॅम घनतेचे असतात. १०५ अंश सेल्सियसला २४ तास वाळवलेल्या, न विस्कटलेल्या मातीची घनता १.३ च्या आसपास भरली तर निम्मी जागा पोकळी आहे, आणि ती हवेची आणि पाण्याची जागा आहे. भारी मातीत हा आकडा १.५ वर गेला की मुळं अडखळतात. वाळूसर मातीत ती १.७ पर्यंत वाट काढतात.

पायरी ४: पाणी मुरण्याचा वेग मोजा

१५ सेंमी व्यासाचा, तितकाच उंच पाइपचा तुकडा ७ ते ८ सेंमी जमिनीत दाबा. वर फळी ठेवून सावकाश ठोका. आतल्या कडेची माती बोटाने दाबून घ्या, नाहीतर पाणी भिंतीच्या कडेने निसटतं. आत प्लास्टिकचा कागद पसरा, त्यावर ४४० मिली पाणी ओता आणि कागद हळूच ओढून घ्या. एवढं पाणी म्हणजे २.५ सेंमी पाऊस. कागद न ठेवता ओतलं तर पाण्याच्या धारेनेच माती विस्कटते.

पहिलं पाणी फक्त माती भिजवण्यासाठी. कोरडी माती पाणी भराभर ओढते, त्या वेगाला अर्थ नाही. तेवढंच पाणी दुसऱ्यांदा ओता आणि वेळ मोजा. १० मिनिटांत मुरलं तर वेग ताशी १५ सेंमी, तासभर लागला तर ताशी २.५ सेंमी. यापेक्षा जोराचा पाऊस किंवा सिंचन झालं तर उरलेलं पाणी वाहून जाणार. निदान तीन ठिकाणी मोजा, कारण पाइपखाली गांडुळाचं बीळ किंवा भेग आली तर आकडा भलताच येतो.

मुरलेलं सगळं पाणी झाडाला मिळत नाही. मोठ्या पोकळ्यांतलं पाणी दिवस-दोन दिवसांत खाली जातं. उरतं ते मातीने साधारण ३३ किलोपास्कल ताणाने धरलेलं असतं. ताण १,५०० किलोपास्कलच्या आसपास पोहोचला की बहुतेक पिकं कोमेजतात आणि पुन्हा उठत नाहीत. या दोन टोकांमधलं तेवढं पाणी उपयोगाचं. १ मीटर खोलीत ते वाळूसर मातीत ५० ते ८० मिमी असतं, मध्यम मातीत १५० ते २०० मिमी. भारी माती एकूण पाणी पुष्कळ धरते, पण त्यातला मोठा भाग इतक्या बारीक पोकळ्यांत असतो की मुळांना तो ओढता येत नाही. त्यामुळे भारी माती ओलसर दिसत असतानाही रोप सुकू शकतं.

याच नियमामुळे कुंडीच्या तळाशी खडी घालून निचरा सुधारत नाही. बारीक पोकळ्यांतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. खडीच्या वरची माती जवळजवळ पूर्ण भिजेपर्यंत ते अडून राहतं, आणि मुळांना कोरडी जागा उलट कमीच मिळते.

पायरी ५: सामू आणि चुनखडी

२० ग्रॅम वाळलेली, चाळलेली माती ५० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये घाला, अर्ध्या तासात तीन-चार वेळा ढवळा आणि मोजा. सामूची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते: ६ वरून ५ वर आलेली माती दहापट आम्ल झालेली असते. बहुतेक पिकांना ६ ते ७.५ मानवतो. ५.५ च्या खाली अॅल्युमिनियम विरघळून मुळांची टोकं मारतं. ७.५ च्या वर स्फुरद (फॉस्फरस) कॅल्शियमशी बांधला जातो आणि लोह, जस्त, मँगनीज अविद्राव्य होतात. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर मातीत लोह असूनही ते विरघळत नाही, असाच बहुधा अर्थ असतो.

सामू जास्त आला तर कोरड्या मातीवर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसलं तर मोकळी चुनखडी आहे. मग गंधक घालून सामू उतरवायचा विचार करण्याआधी हा हिशेब बघा. १ हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंमी थराचं वजन साधारण २,००० टन. त्यात फक्त १ टक्का चुनखडी म्हणजे २० टन. १ टन चुनखडी संपवायला ०.३२ टन गंधक लागतं, म्हणजे हेक्टरी ६.४ टन. तोवर सामू जागचा फारसा हलत नाही. अशा जमिनीत चुनखडी सोसणारी पिकं निवडणं आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं फवारणीतून किंवा चिलेट स्वरूपात (सेंद्रिय रेणूत धरून विरघळतं ठेवलेल्या रूपात) देणं हाच व्यवहार्य मार्ग आहे.

आम्ल जमिनीत चुना चालतो, पण मात्रा नुसत्या सामूवरून काढू नका. ५.५ सामूच्या वाळूसर आणि भारी मातीला लागणाऱ्या चुन्यात कित्येक पटींचा फरक असतो. चिकणमाती आणि ह्यूमस यांच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो आणि त्यावर आम्लतेचा साठा धरलेला असतो. चुन्याला तो सगळा संपवावा लागतो. याच भारावर कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश (पोटॅशियम) आणि अमोनियम टिकतात. नायट्रेटवर स्वतःच ऋण भार असल्याने ते पाण्याबरोबर निघून जातं. म्हणून हलक्या जमिनीत नत्र (नायट्रोजन) थोडं थोडं करून द्यावं.

पायरी ६: सेंद्रिय पदार्थ

अहवालातल्या सेंद्रिय कर्बाला १.७२४ ने गुणलं की सेंद्रिय पदार्थाचा अंदाज येतो. वरचाच २,००० टनांचा हिशेब इथे लावा: १ टक्का वाढ म्हणजे हेक्टरी २० टन टिकाऊ पदार्थ. खतात पाणीच खूप असतं, आणि कोरड्या भागातलाही मोठा वाटा जिवाणू पहिल्या वर्षभरातच खाऊन हवेत सोडतात. त्यामुळे एका हंगामात आकडा हलला नाही तर खत कमअस्सल होतं असं धरू नका. ढेकळांची चाचणी मात्र आकड्याच्या आधीच सुधारलेली दिसते.

काय घालता यालाही महत्त्व आहे. कर्ब-नत्र गुणोत्तर २५ च्या आसपास असलेला पदार्थ सरळ कुजतो. धान्याच्या पेंढ्याचं गुणोत्तर सुमारे ८०, लाकडाच्या भुशाचं काहीशे. असा पदार्थ मातीत गाडला की जिवाणू कुजवण्यासाठी लागणारं नत्र मातीतून उचलतात आणि पीक काही आठवडे पिवळं पडतं. तोच पृष्ठभागावर अंथरला तर ही ओढाताण फक्त मातीला टेकलेल्या पातळ थरापुरती राहते.

पायरी ७: प्रयोगशाळेसाठी नमुना

स्फुरद, पालाश, सोडियम, क्षार यांचे आकडे घरी मिळत नाहीत. प्रयोगशाळा चांगली असली तरी नमुना चुकीचा असेल तर अहवाल चुकीचाच येणार.

एकसारखा रंग, उतार आणि पोत असलेल्या भागाचा एक नमुना. नागमोडी चालत १५ ते २० ठिकाणं निवडा. बांध, झाडाखालची जागा, खताचा ढीग असलेली जागा आणि पाण्याचे पाट सोडा. प्रत्येक ठिकाणी वरचा काडीकचरा बाजूला करून इंग्रजी व्ही अक्षरासारखा १५ सेंमी खोल खड्डा घ्या आणि त्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची चकती काढा. खाली निमुळती होणारी चकती घेतली तर वरच्या थराची माती जास्त येते आणि स्फुरदाचा आकडा फुगतो. सगळी माती प्लास्टिकच्या बादलीत गोळा करा. जस्ताचा मुलामा असलेल्या बादलीमुळे जस्ताचा आकडा बिघडतो. माती नीट मिसळा, पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन भाग काढून टाका, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. सावलीत वाळवा, उन्हात नको.

पिशवीवर तारीख, खोली आणि जमिनीच्या भागाची खूण लिहा. स्फुरद कोणत्या पद्धतीने मोजणार हेही विचारून ठेवा: उदासीन आणि विम्ल (अल्कधर्मी) मातीला ओल्सेन, आम्ल मातीला ब्रे. दोन्हींचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. पुढचा नमुना त्याच ऋतूत, त्याच खोलीवरून, आधी दिलेल्या खताला निदान दोन-तीन महिने होऊन गेल्यावर घ्या आणि त्याच पद्धतीने तपासून घ्या.